एका ओळीत बसवलेला मेस्त

सिंगापूरच्या पासिर रिसमधल्या आमच्या ब्लॉकच्या लिफ्टमध्ये तो शिरला की लिफ्ट हलायची नाही. दाराच्या फटीत एक पाय ठेवून तो आतल्या प्रत्येकाकडे बघून 'बों दिया', म्हणजे सुप्रभात, म्हणायचा आणि प्रत्येकाचं उत्तर येईपर्यंत पाय काढायचा नाही. ऑफिसला निघालेली माणसं घड्याळं बघायची, लिफ्ट कोकलायची, हा आपला ढिम्म. शेवटी ट्रॉली घेतलेल्या चिनी आजीबाई 'मॉर्निंग, मॉर्निंग, फास्ट लाह' म्हणून सुटका करून घ्यायच्या. सातव्या मजल्यावरचे मलाय काका 'सलामत पागी' म्हणायचे. शाळेची पोरं तर त्याची वाटच बघायची आणि एका सुरात ओरडायची, 'बों दिया लाह, अंकल!' उत्तर कुठल्याही भाषेतलं चालायचं. यायला मात्र हवं.

तो पोर्तुगालचा भट्टीवाला. त्यांच्याकडे मंदी आली, गावातली भट्टी बंद पडली, आणि इथल्या मॉलमधल्या एका बेकरीला अंड्याचे ते छोटे गोल टार्ट करणारा अस्सल पोर्तुगीज माणूस हवा होता. अठ्ठावन्नाव्या वर्षी तो आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसला तो थेट सिंगापूरला उतरला. कंपनीने आमच्याच मजल्यावर त्याला एक खोली घेऊन दिली होती. या उकाड्यात शर्टाची गळ्यापर्यंत सगळी बटणं लावलेली, कोपरापर्यंत भाजल्याचे जुने डाग, हातात छत्री आणि गळ्यात सुतळीला बांधलेली एक मोठी लोखंडी चावी, असं ते ध्यान होतं. चावी गावच्या घराची. बायको घरातच असताना ही चावी कशाला आणली म्हणून मी एकदा विचारलं, तर म्हणाला, 'परत जाईन तेव्हा दार तिने उघडायचं नाही. मी उघडणार. ती दचकली पाहिजे.'

पोर्तुगीजमध्ये कारागिराला 'मेस्त्र' म्हणतात. गोव्यात आम्ही सुताराला मेस्त म्हणतो तो शब्द त्यांचाच. तेव्हा मी त्याला मेस्त म्हणू लागलो आणि त्याला ते आवडलं.

इंग्रजी शिकायला त्याने साफ नकार दिला होता. त्याचं म्हणणं असं की जगातल्या कुठल्याही माणसाला पोर्तुगीज कळतं, फक्त सावकाश बोललं पाहिजे. मग बाजारात मासळीवाल्यापुढे उभा राहून तो एकेक शब्द तोडून तोडून सांगायचा, मासा उचलून त्याचे कल्ले हुंगायचा आणि नाक मुरडून परत ठेवायचा. मासळीवाला होक्किएन या आपल्या चिनी बोलीत त्याचा उद्धार करायचा. दोघांचं दहा मिनिटं मनसोक्त भांडण व्हायचं आणि तरी मासा तिथूनच घेतला जायचा. एकदा मॅनेजरने डुरियन या इथल्या फळाचे टार्ट करायला सांगितले. डुरियनचा वास ज्याने घेतलाय त्याला पुढचं सांगायला नको. मेस्ताने ते केले, पण नाकाला कपडे वाळत घालायचा चिमटा लावून केले, आणि तेही काचेच्या पलीकडे, सगळ्या गिऱ्हाइकांच्या डोळ्यांदेखत. ते टार्ट तुफान खपले. लोक चिमट्याचे फोटो काढत होते.

आणखी एक खोड. पाव भाजला की नाही हे भट्टीवाले तो उलटा करून, बुडावर बोटाच्या पेराने ठोकून बघतात. आतून पोकळ वाजला की झाला. मेस्त सगळ्या जगालाच असा ठोकून बघायचा. कलिंगड, दार, फ्लॅटची भिंत, ब्लॉकखालच्या मोकळ्या व्हॉइड डेकमधलं बुद्धिबळाचं सिमेंटचं टेबल. पेर वाकवून टक टक, मग कान लावून ऐकायचं, मग निकाल. मला भेटला त्या पहिल्याच दिवशी त्याने माझ्या छातीवर ठोकून पाहिलं होतं आणि म्हणाला होता, 'अजून कच्चा आहेस.' मी तेव्हा सहासष्ट वर्षांचा होतो.

त्या पहिल्या दिवसाबद्दल सांगायलाच हवं, कारण माझी फुशारकी तिथून सुरू झाली. मी म्हापशाचा. गोवा मुक्त झाला तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो, म्हणजे माझी शाळा पोर्तुगिजांची. आमच्या मास्तरांनी वेताच्या छडीने आमच्याकडून पोर्तुगालच्या नद्या उत्तरेकडून दक्षिणेकडे पाठ करून घेतल्या होत्या. आमच्या दारातली म्हापशाची नदी त्या यादीत नव्हती हे सांगायला नको. पुढे मुंबईत बँकेत नोकरी, गिरगावची बायको, मुलगा इंजिनियर होऊन सिंगापूरला गेला म्हणून म्हातारपणी आम्ही इथे. पन्नास वर्षांत त्या नद्यांना माझ्याकडे कोणी विचारलं नव्हतं. लिफ्टमध्ये त्याने 'बों दिया' म्हटलं आणि मी त्याच सुरात 'बों दिया, कोमु इश्ता' म्हणालो. त्याचा पाय फटीतच राहिला. मग मला कोण आवरणार! मी सुरू केलं, 'मिन्यो, लिमा, काव्हादो, आव्ह, दोरू, व्होगा...' व्होगाला त्याने माझा हात धरला. ती त्याच्या घराच्या परसातून जाते. लिफ्ट ठणाणा करत होती आणि दोन म्हातारे नदीवर अडकले होते.

त्या दिवसापासून मी 'सेन्योर दोतोर' झालो. शिकलेल्या माणसाला त्यांच्याकडे असंच म्हणतात, पण बँकेच्या कारकुनीतून निवृत्त झालेल्या माणसाला कोणी दिवसातून दोनदा डॉक्टरसाहेब म्हणत असेल तर तो काही दुरुस्त करायला जात नाही. मीही गेलो नाही. त्याच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही समुद्राकाठच्या बागेत बसायचो. माझं पोर्तुगीज छडीचं, शाळेचं, व्याकरणशुद्ध, त्याचं भट्टीतलं. तो हसायचा, 'तू राजासारखा बोलतोस.' आमच्या हिला पोर्तुगीजचं अक्षर येत नव्हतं, पण पाव, बटाटा, साबण, चावी या त्यांच्याकडून मराठीत आलेल्या शब्दांच्या भांडवलावर तिने त्याच्याशी घरोबा केला. तो आला की ती त्याला मराठीत विचारायची आणि तो तिला पोर्तुगीजमध्ये सांगायचा. त्यात माझी गरज लागत नसे. तेव्हा मला त्याची गंमत वाटायची.

तो येऊन आठ महिने झाले असतील, त्याची बायको गेली. घरातच, स्वयंपाकघरात, एकटी असताना. शेजाऱ्यांना दोन दिवसांनी कळलं. कंपनीने तीन दिवसांची रजा दिली. त्यात जाऊन येणंच जेमतेम होणार, आणि तिकिटाचा घोळ मिटेपर्यंत तिकडे पुरूनही झालं. भाच्याने मोबाइलवर दाखवलेली अंत्ययात्रा त्याने आमच्या दिवाणखान्यात बसून बघितली. हिने त्याच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला होता. तो पेला तसाच हातात घेऊन तो निघून गेला.

त्यानंतर लिफ्ट वेळेवर चालू लागली. तो शिरायचा, भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा, दार बंद व्हायचं. पोरं एक-दोन दिवस आ वासून वाट बघत राहिली. कोणीतरी एकाने स्वतःहूनच 'बों दिया, अंकल' म्हणून पाहिलं. त्याने ऐकलं नाही. बेकरीत टार्ट जळू लागले. दोनदा तो बागेतल्या बाकावर कामाच्या वेळात बसलेला सापडला. कंपनीच्या एचआरच्या बाईंनी त्याला पॉलिक्लिनिकमध्ये नेलं. तिथे काय होतंय विचारल्यावर त्याने पेर वाकवून छातीवर टक टक केलं आणि हात हलवला. आत काही नाही. छातीवर हात म्हटल्यावर त्यांनी कार्डिओग्राम काढला. उत्तम आला. दुसऱ्या खेपेला पुन्हा टक टक, पुन्हा कार्डिओग्राम. तिसऱ्यांदाही. ते तिन्ही कागद घडी करून तो खिशात ठेवायचा. मला दाखवून म्हणाला, 'यांचं यंत्र चांगलं नाही, सेन्योर दोतोर. यांना ऐकू येत नाही.'

तिसऱ्या डॉक्टरला काय वाटलं कोण जाणे, त्याने मनाच्या डॉक्टरकडे चिठ्ठी दिली. तिथे दुभाष्यांची सोय होती. इथे एमआरटीच्या गाडीचं दार बंद होतंय हेही चार भाषांत सांगतात, तेव्हा मँडरिन, मलाय, तमिळ होतंच. हिंदी, बंगालीही मिळालं असतं. पोर्तुगीज माणूस मिळवायला तीन आठवडे लागतील म्हणाले. एचआरच्या बाई माझ्या दारात आल्या. 'अंकल, यू कॅन स्पीक हिज लँग्वेज, राइट? यू हेल्प, कॅन?' पन्नास वर्षांनी माझ्या पोर्तुगीजला बोलावणं आलं होतं. मी कपाटातून इस्त्रीचा शर्ट काढला. ही म्हणाली, 'अहो, तुम्हाला त्याचं सगळं सांगता येईल का? नाहीतर थांबू दे ना तीन आठवडे, मी बघते त्याच्याकडे तोवर.' मी म्हणालो, 'तुला काय कळतंय त्यातलं?'

खोलीत आम्ही चौघं. डॉक्टरीणबाई तरुण, फार सभ्य. एचआरच्या बाई कोपऱ्यात मांडीवर फाइल घेऊन. मेस्त डॉक्टरांकडे बघेचना, त्याने खुर्ची वळवून माझ्याकडे तोंड केलं. त्याने सुरुवातीलाच छातीवर टक टक केलं आणि मी ते पाव भाजण्याचं सगळं प्रकरण असं रंगवून इंग्रजीत सांगितलं की डॉक्टरीणबाई हसल्या. एचआरच्या बाईही हसल्या. मला वाटलं, वा, जमतंय आपल्याला.

मग तो बोलू लागला. सावकाश बोलला, आवाज न चढवता. मला नद्यांपलीकडचं फारसं येत नाही अशी सबब मी पुढे स्वतःला पुष्कळ दिली, पण ती खोटी आहे. त्याचा शब्द न् शब्द पहिलीच्या पुस्तकातला होता. घर, दार, चूल, बायको, सकाळ. तो म्हणाला, 'ती त्या घरात दोन दिवस जमिनीवर पडून होती आणि मी इथे टार्ट लावत होतो. मला त्या घरी पाठवू नका. ते दार मी उघडू शकत नाही. रोज झोपताना मी म्हणतो, उद्या उठायला लागू नये. आता नुसतं म्हणत नाही. परवा स्टेशनवर गाडी येत होती आणि मी पिवळ्या रेघेच्या पुढे जाऊन उभा होतो. एका मुलीने माझी बाही ओढली. मला तिचा राग आला.'

डॉक्टरीणबाई पेन धरून माझ्याकडे बघत होत्या.

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. बँकेत तीस वर्षं मी तक्रारअर्जांवर टिपणं लिहिली. माणूस चार पानं रडलेला असायचा, त्याच्या आईचं आजारपण, मुलीचं लग्न, सगळं त्यात. साहेबांना वेळ नसायचा. साहेबांपुढे माझी एक ओळ जायची, 'अर्जदारास विलंबाबद्दल असमाधान आहे.' साहेब खूश असायचे माझ्यावर. कुठलाही माणूस मी एका ओळीत बसवू शकतो अशी माझी ख्याती होती. त्यात कोपऱ्यात फाइल घेतलेली कंपनीची बाई बसलेली. तिच्यासमोर रेल्वेचं बोललो तर याचा इथे काम करायचा पास उद्याच रद्द होईल, असंही मनात आलं. आणि खरं सांगायचं तर आत्ताच सगळे हसले होते, इतकं छान चाललं होतं, ते बिघडवणं मला बरं दिसेना. मी घसा साफ केला आणि म्हणालो, 'पत्नीच्या निधनानंतर यांना घरची फार आठवण येते. झोपही नीट लागत नाही.'

बाईंनी लिहून घेतलं. मग सरळ विचारलं, 'जिवाचं काही करून घ्यावं असं यांच्या मनात येतं का? प्लीज, याच शब्दांत विचारा.'

मी याच शब्दांत विचारलं नाही. मी मेस्ताला विचारलं, 'तुझ्या मनात काही वाईटसाईट तर येत नाही ना?' आमच्या घरांत आजाऱ्याला असंच विचारतात. उत्तर आपणच आधी देऊन ठेवायचं.

तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, 'सेन्योर दोतोर, आत्ताच तर सांगितलं.'

मी डॉक्टरीणबाईंना म्हणालो, 'नो, डॉक्टर.'

झोपेच्या थोड्या गोळ्या मिळाल्या, सहा आठवड्यांनी यायला सांगितलं. एचआरच्या बाईंनी खालच्या फूडकोर्टात आम्हाला कोपी, म्हणजे इथली कॉफी, पाजली आणि माझे तीनदा आभार मानले. मेस्ताने कपाच्या बुडावर टक टक केलं नाही. मी ते पाहिलं होतं.

दहाव्या दिवशी तो माझ्या दारात उभा. हातात छापलेला कागद. मी वाचला. कंपनीने मोठ्या मनाने त्याला तिकीट काढून दिलं होतं, एकेरी. घरची आठवण येते ना, मग माणसाला घरी पाठवायचं. चुकलं काय त्यांचं? त्याने विचारलं, 'तू त्यांना घराचं सांगितलं होतंस ना? ते दाराचं?'

मी म्हणालो, 'हो, सांगितलं होतं.'

एवढं मात्र मी स्वच्छ पोर्तुगीजमध्ये बोललो. मास्तरांनी शाबासकी दिली असती.

तो गेल्यावर मी एचआरच्या बाईंना फोन केला. म्हटलं, त्याला जायचं नाहीये. त्या चक्रावल्या. 'अंकल, यू सेड ही मिस होम, व्हॉट! टिकेट ऑलरेडी बाय, पास ऑलरेडी कॅन्सल.' त्या वाईट नव्हत्या, त्यांचा आवाज रडवेला झाला होता. तेव्हाही मी रेल्वेचं बोललो नाही. मग दवाखान्यात गेलो. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, तुम्ही फॅमिली का? नाही? मग सॉरी अंकल, कॅनॉट. पण तिनेच पुढे एक कागद सरकवला. डॉक्टरांसाठी काय ते लिहून ठेवा, मी देते. अख्खा कोरा कागद होता. मागे रांग होती, मुलगी थांबली होती, माझा हात सवयीने चालला. मी लिहिलं, 'कृपया प्रवासापूर्वी प्रकरणाचा फेरविचार व्हावा.' खाली सही. बाहेर आलो तेव्हा मला हलकं वाटत होतं. त्या हलकं वाटण्याची मला आजही शिसारी येते.

डॉक्टरांचा फोन आला नाही. का यावा? त्या ओळीत होतं काय?

मेस्त दुपारच्या विमानाने गेला. टॅक्सी खाली उभी होती. तो आमच्याकडे आला, माझ्याशी बोलला नाही. हिच्यासमोर उभा राहिला, गळ्यातली सुतळी डोक्यावरून काढली आणि चावी तिच्या तळहातावर ठेवली. 'शाव्ह,' म्हणाला. ही म्हणाली, 'चावी.' तो मान हलवत राहिला. मग वाकलेल्या पेराने त्याने हिच्या तळहातातल्या चावीवर हलकेच दोनदा ठोकलं, आणि गेला. पोरं शाळेत होती, लिफ्ट रिकामी असणार.

ही चावी धरून तशीच उभी होती. माझ्याकडे वळून म्हणाली, 'अहो, चावी इथे ठेवली. मग हा राहणार कुठे?' आणि माझ्या तोंडाकडे बघता बघता तिला कळलं. तिला पोर्तुगीज येत नव्हतं, इंग्रजीही बेताचंच. 'तो राहायला नाही चाललेला,' ती म्हणाली. 'तुम्ही काय सांगितलं होतं तिथे?' तिला मी कधीच नीट सांगितलं नाही. पुढे तीन वर्षांनी ती गेली, तोवर अधूनमधून विचारायची, काही कळलं का हो मेस्ताचं. नाही कळलं. व्होगाकाठच्या त्या गावी मी दोन पत्रं पाठवली, अगदी शुद्ध पोर्तुगीजमध्ये. उत्तर आलं नाही. भाच्याचा फोन लागत नव्हता.

चावी आमच्या दाराशेजारच्या खिळ्याला आहे. नातू विचारतो, 'आजोबा, व्हिच डोअर इज दॅट फॉर?' मी सांगतो, आपलं नाही.

त्या खोलीतलं त्याचं बोलणं मी इथे पहिल्यांदा पूर्ण लिहिलं आहे, त्याने सांगितलं तसं, एक शब्दही न गाळता. पण मराठीत. त्या डॉक्टरीणबाईंना हे वाचता येणार नाही, एचआरच्या बाईंना येणार नाही, आणि तो कुठे असलाच तर त्यालाही नाही. म्हणूनच मला लिहिता आलं.